छत्रपतींची वंशावळ वाचायला शिकताना: आधी गादी विचारा, मग नाव

ही चार वाक्यं बघा. शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं दिली. शाहू महाराज साताऱ्यातच राहिले आणि कारभार पुण्याहून चालला. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. शाहू महाराज २०२४ साली कोल्हापुरातून लोकसभेवर निवडून गेले.

वाक्यं चार आणि शाहूही चार. पहिले दोघे साताऱ्याचे, पुढचे दोघे कोल्हापूरचे. पहिल्या आणि शेवटच्या वाक्यात तीनशे वर्षांहून जास्त अंतर आहे. मराठ्यांचा इतिहास नव्यानं वाचायला घेतलेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो इथेच. लढाया आणि तह समजतात, पण माणसं एकमेकांत मिसळून जातात. मीही दोन शिवाजींना एकच समजून बरेच दिवस टिपणं काढली होती आणि ती सगळी पुन्हा लिहावी लागली. तेव्हापासून भोसले घराण्याबद्दल काहीही वाचताना मी एक शिस्त पाळतो. ती इथे पायरीपायरीनं सांगतो. हाताशी वही असू द्या.

पहिली पायरी: गादी ठरवा

छत्रपतींच्या घराण्यात नावं पुन्हा पुन्हा येतात, गाद्या मात्र दोनच आहेत. म्हणून नावाकडे जाण्याआधी गादी कोणती ते विचारायचं.

सुरुवातीला गादी एकच होती, रायगडची. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांना तिथे राज्याभिषेक झाला. त्यांच्यानंतर थोरले पुत्र संभाजी महाराज (१६८१ मध्ये राज्याभिषेक, १६८९ मध्ये मृत्यू) आणि मग धाकटे पुत्र राजाराम महाराज (१७०० पर्यंत). इथवर गोंधळाला जागा नाही. राजाराम महाराज गेल्यावर त्यांच्या पत्नी ताराबाईंनी आपला लहान मुलगा शिवाजी याच्या नावानं राज्य चालवलं आणि औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. थोरल्या पुत्राचा वंश म्हणून त्यांनी गादीवर हक्क सांगितला. त्याच वर्षी खेडजवळ लढाई होऊन ताराबाईंच्या फौजेला माघार घ्यावी लागली आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली. तीच पुढे कोल्हापूरची, म्हणजे करवीरची गादी. १७३१ च्या वारणेच्या तहानं दोन्हींची हद्द ठरली: वारणेच्या उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर.

वहीत मधोमध एक आडवी रेघ ओढा आणि तिला वारणा म्हणा. वर सातारा, खाली कोल्हापूर. १७१० नंतरच्या प्रत्येक छत्रपतीला या रेघेच्या वर किंवा खाली जागा द्या. एवढं केलंत की निम्मा गुंता सुटतो. त्यातून ध्यानात ठेवायची खूणही मिळते: सातारा म्हणजे संभाजी महाराजांचा वंश, कोल्हापूर म्हणजे राजाराम महाराजांचा. ही खूण पुढे दत्तकांमुळे पुसट होते, पण सुरुवातीला आधार देते.

या दोन गाद्यांबाहेरही भोसले आहेत. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा. तंजावरचे भोसले हे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचे वंशज. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे दुसरे सरफोजी तिथलेच. नागपूरकर भोसले ही शाखा वेगळी आहे, शिवाजी महाराजांच्या वंशातली नाही. अक्कलकोटच्या घराण्याची कथा तर जन्मानं भोसले नसतानाही भोसले होण्याची आहे. सुटून येताना शाहू महाराजांची पारद गावाशी चकमक झाली. तिथल्या पाटलाच्या विधवेनं आपलं मूल त्यांच्या पायांवर घातलं. ते राणोजी लोखंडे. शाहूंनी त्याला आपलं मानून वाढवलं, नाव फत्तेसिंह भोसले ठेवलं, आणि पुढे अक्कलकोटचं घराणं त्याच्यापासून सुरू झालं.

दुसरी पायरी: नाव का परत येतं ते समजून घ्या

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, गेलेल्या वडीलधाऱ्याचं नाव घरात परत आणतात. राजघराणंही याला अपवाद नाही. शिवाजी महाराजांच्या थोरल्या भावाचं नाव संभाजी. तो कनकगिरीच्या लढाईत पडला. महाराजांनी आपल्या थोरल्या मुलाचं नाव संभाजी ठेवलं. संभाजी महाराजांनी आपल्या मुलाचं नाव आजोबांवरून शिवाजी ठेवलं. हा शिवाजी म्हणजेच पुढचे शाहू. राजाराम महाराजांना ताराबाईंपासून झालेला मुलगा शिवाजी आणि राजसबाईंपासून झालेला संभाजी. म्हणजे सन १७०० च्या सुमारास या घरात शिवाजी नावाचे दोन चुलतभाऊ होते, एक मोगलांच्या छावणीत आणि एक पन्हाळ्याच्या बाजूला. हा तपशील निसटला तर उत्तराधिकाराचा सगळा वाद कळेनासा होतो.

स्त्रियांची नावंही परत येतात. जिजाबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिवाजी महाराजांच्या मातोश्री येतात. त्या सिंदखेडच्या जाधवांच्या लेक, राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत १७ जून १६७४ रोजी पाचाडला गेल्या. पण कोल्हापूरच्या इतिहासात आणखी एक जिजाबाई आहेत. राजसबाईंचे पुत्र संभाजी महाराज १७६० मध्ये वारल्यावर त्यांच्या या राणीनं करवीरचं राज्य सांभाळलं आणि १७६२ मध्ये दत्तक घेतला. मोठ्या कर्तबगार बाई. थोरल्या जिजाऊंच्या नावाच्या तेजात त्या झाकल्या जातात, म्हणून त्यांचं नाव इथे आवर्जून घेतो.

मग या सारख्या नावांत फरक कसा करायचा? जुनी माणसं दोन युक्त्या वापरत. एक, थोरले-धाकटे. १७४९ मध्ये वारलेले ते थोरले शाहू, १७७७ ते १८०८ पर्यंत साताऱ्याच्या गादीवर असलेले ते धाकटे शाहू. दुसरी, घरातलं हाकेचं नाव. साताऱ्याचे शेवटचे राज्यकर्ते शहाजी यांना आप्पासाहेब म्हणत. कोल्हापूरचे १८३८ ते १८६६ या काळातले शिवाजी म्हणजे बाबासाहेब महाराज, त्यांच्या आधीचे शहाजी म्हणजे बावासाहेब. कागदात नुसतं ‘आप्पासाहेब’ आलं तरी गादी आणि साल पाहून माणूस सापडतो.

‘पहिले, दुसरे, तिसरे’ हे आकडे मात्र जपून वापरा. ते इतिहासकारांनी मागाहून लावले आहेत, त्या काळच्या कागदांत ते नसतात. आणि मोजणी सगळीकडे एकसारखीही नाही. १८८३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात असताना अहमदनगरला मरण पावलेल्या कोल्हापूरच्या तरुण राजाला कोल्हापुरात ‘चौथे शिवाजी’ म्हणतात, कारण तिथली मोजणी ताराबाईंच्या मुलापासून सुरू होते. रायगडच्या शिवछत्रपतींना पहिले धरलं तर तोच राजा पाचवा ठरतो. दोन पुस्तकांत आकडे जुळले नाहीत तर एखादं चूक आहे असं लगेच मानू नका. मोजणी कुठून सुरू केली आहे ते आधी पाहा. वहीत आकड्याऐवजी कंसात वर्षं लिहा.

तिसरी पायरी: जन्माचं घर आणि दत्तकाचं घर वेगळं लिहा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, इथे सावकाश जा.

छत्रपतींच्या वंशावळीत वडिलांकडून मुलाकडे जाणारी उभी रेघ दिसली की ती रक्ताचीच असेल असं धरू नका. दत्तक घेताना मूल एका घरातून विधिपूर्वक दुसऱ्या घरात येतं, त्याचं नाव बदलतं, आणि त्या क्षणापासून ते नव्या घराचं होतं. धर्मशास्त्रानुसार तो पुत्रच, श्राद्धाचा अधिकारी आणि गादीचा वारस. पण इतिहास समजायला त्याचं मूळ घरही माहीत हवं, कारण सोयरीक, मदत आणि विरोध हे सगळं त्या घरातूनही येतं.

राजर्षी शाहू महाराजांचंच पाहा. २६ जून १८७४ रोजी ते कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव म्हणून जन्मले. अहमदनगरला वारलेल्या शिवाजी महाराजांच्या मागे १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतलं गेलं आणि ते शाहू झाले. २ एप्रिल १८९४ ला राज्यकारभार हाती आला, तेव्हा ते अजून वीस वर्षांचेही नव्हते. त्यांच्या दोन पिढ्या आधी पाटणकर घराण्यातले नागोजीराव दत्तक येऊन राजाराम महाराज झाले होते. राजर्षींचे पुत्र राजाराम १९४० मध्ये वारल्यावर पुन्हा दत्तक आला. १९४७ मध्ये देवास थोरल्या पातीचे (थोरल्या शाखेचे) विक्रमसिंहराव पवार कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून बसले. ते राजर्षींच्या लेकीचे, अक्कासाहेबांचे चिरंजीव. दत्तक म्हणून आले, पण रक्तानंही नातू होते. पुढे त्यांनीही आपल्या लेकीच्या मुलाला दत्तक घेतलं. तेच आजचे शाहू छत्रपती. लेकीच्या वाटेनं वंश गादीवर परत येतो, हे कोल्हापूरच्या वंशावळीत दोनदा दिसतं आणि नुसत्या पुरुषांच्या यादीतून ते कधीच कळत नाही. म्हणून वंशावळीत मुलींची नावं गाळू नका.

साताऱ्यातली कथा जास्त करुण आहे. थोरल्या शाहूंना वारस नव्हता. तेव्हा ताराबाईंनी सांगितलं की आपला एक नातू लपवून वाढवलेला आहे. शाहूंच्या मागे तोच रामराजा म्हणून साताऱ्याच्या गादीवर बसला. गादीच्या थोरल्या पातीवर धाकट्या पातीचा मुलगा आला. वर्षभरात ताराबाईंचं आणि त्याचं बिनसलं, तो आपला नातू नाहीच असं त्या म्हणाल्या आणि त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवून ठेवलं. रामराजानंतर पुन्हा दत्तक, ते धाकटे शाहू. त्यांचे पुत्र प्रतापसिंह. इंग्रजांनी १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत केलं आणि ते १८४७ मध्ये काशीला वारले. त्यांचे भाऊ आप्पासाहेब १८४८ मध्ये गेले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक ईस्ट इंडिया कंपनीनं मानला नाही आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं सातारा खालसा केलं. आपल्या शास्त्राला जो पुत्र पूर्णपणे मान्य होता, तो कंपनीच्या कागदावर वारस ठरला नाही, आणि एवढ्या आधारावर एक राज्य गेलं.

इथे एक फरक पक्का करून घ्या: राज्य गेलं म्हणजे गादी गेली असं नव्हे. १८४८ नंतर साताऱ्याला राज्य नाही, पण घराणं आहे, मान आहे, परंपरा आहे. कोल्हापूरचं राज्य १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं, तिथली गादीही तशीच चालू राहिली. वहीत ‘राज्याचा शेवट’ आणि ‘गादी’ हे दोन वेगळे रकाने ठेवा.

चौथी पायरी: पदवीचं वजन तोला

नवख्या वाचकाला पदव्या म्हणजे नावापुढची सजावट वाटते. जुन्या कागदात मात्र पदवी माणसाची पायरी सांगते.

‘छत्रपती’ ही पदवी १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची. शिवराई या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असं कोरलेलं असतं. शिवराई महाराजांच्या नंतरही शंभराहून जास्त वर्षं त्याच नावानं पाडली जात होती. तेव्हा शिवराई सापडली की ती शिवकाळातलीच, असं मानायची घाई करू नका.

त्याआधी शहाजींना आपण ‘राजे’ म्हणतो. ती सुलतानी दरबारातली पदवी. दुसऱ्याच्या दरबारात मिळालेलं ‘राजे’ आणि स्वतःच्या सिंहासनावर धारण केलेलं ‘छत्रपती’ यांच्यातलं अंतर बाप-लेकाच्या एका पिढीत ओलांडलं गेलं. आज घराण्यातल्या व्यक्तींच्या नावाला ‘राजे’ जोडूनच येतं, उदयनराजे किंवा संभाजीराजे असं, आणि पुढे ‘श्रीमंत’ लावतात.

राज्याभिषेकाच्या वेळी सोयराबाई पट्टराणी म्हणून आणि संभाजीराजे युवराज म्हणून बसले. पट्टराणी म्हणजे अभिषेकात राजाच्या बरोबरीनं बसणारी राणी. परंपरेनं शिवाजी महाराजांच्या आठ राण्या सांगतात. त्यांना ओळखण्याची सोपी रीत म्हणजे माहेर: सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या, सोयराबाई मोहित्यांच्या, पुतळाबाई पालकरांच्या, सगुणाबाई शिर्क्यांच्या. माहेरच्या घराण्याचं नाव लिहिलं की कोण कोणाच्या बाजूनं का उभं राहिलं तेही उलगडतं. ताराबाई या सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या लेक होत्या. हे कळलं की सैन्य हाताळण्याची त्यांची धमक कुठून आली असेल याचा अंदाज येतो.

नवख्यांची सर्वांत मोठी गल्लत पेशव्यांच्या बाबतीत होते. पेशवा राजा नव्हता. तो अष्टप्रधानांपैकी एक, मुख्य प्रधान. याचा पुरावा त्यांच्याच शिक्क्यात आहे: ‘श्री राजा शाहू नरपती हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ पंतप्रधान’. आधी छत्रपतींचं नाव, मग प्रधानाचं. छत्रपती बदलले की शिक्क्यातलं नाव बदलायचं, रामराजांच्या काळात तिथे ‘राजाराम नरपती’ येतं. प्रत्यक्ष सत्ता पुण्यात गेल्यावरही पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. कागदावरचा शिक्का दिसला तर आधी पहिली ओळ वाचा, त्यावरून गादी आणि काळ दोन्ही कळतात.

हीच गोष्ट सरदारांच्या पदव्यांची. बडोद्याचे गायकवाड ‘सेनाखासखेल’, नागपूरकर भोसले ‘सेनासाहेबसुभा’, कान्होजी आंग्रे ‘सरखेल’, तळेगावचे दाभाडे ‘सेनापती’. ही राजपदं नव्हेत, छत्रपतींनी दिलेली लष्करी पदं आहेत. काही पदं पुढे आडनावासारखी घराण्याला चिकटली: औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, गगनबावड्याचे पंतअमात्य. यांत ‘प्रतिनिधी’ हे पद मूळच्या आठांत नाही. राजाराम महाराज जिंजीत असताना ते निर्माण झालं, प्रल्हाद निराजींसाठी. राजा दूर किल्ल्यात अडकलेला असताना त्याच्या वतीनं बोलणारा माणूस लागला, त्या गरजेतून आलेलं हे पद.

आणि एक पदवी लोकांनी दिलेली आहे. ‘राजर्षी’ ही पदवी शाहू महाराजांना इंग्रजांकडून मिळालेली नाही, कोणत्या दरबारातूनही नाही. १९१९ मध्ये कानपूरला भरलेल्या कुर्मी क्षत्रिय परिषदेनं ती अर्पण केली. २६ जुलै १९०२ रोजी आपल्या राज्यातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढणाऱ्या राजाला ही पदवी शोभते. इतर सगळ्या पदव्या विसरलात तरी चालेल, ही कुठून आली ते लक्षात ठेवा.

आजच्या पदव्यांबद्दल थोडक्यात: १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांची सरकारी मान्यता आणि तनखे संपले. आता ‘महाराज’, ‘युवराज’ किंवा ‘राजमाता’ म्हणणं हा लोकांनी प्रेमानं आणि आदरानं दिलेला मान आहे. प्रत्यक्ष भेट झाली तर ‘महाराज’ म्हणावं, मुजरा करावासा वाटला तर करावा, सक्ती कसलीच नाही.

पाचवी पायरी: पत्राचा मायना वाचा

जुनी पत्रं वाचायची इच्छा असेल तर मायन्यातले, म्हणजे पत्राच्या सुरुवातीच्या संबोधनातले, संक्षेप शिकून घ्या. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, लिहिणाऱ्यापेक्षा लहान. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप, वडीलधारे. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री, अधिकाऱ्याला किंवा मानकऱ्याला लिहिताना. ‘सौ. वज्रचूडेमंडित’ असेल तर ती बाई सुवासिनी, ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी असेल तर विधवा. एका राणीच्या नावामागे एका पत्रात ‘सौ.’ आणि पुढच्या पत्रात ‘गं. भा.’ आलं तर मधल्या काळात राजा गेला, हे तारीख नसतानाही समजतं.

सहावी पायरी: तारीख जुळवा

जुन्या कागदात शालिवाहन शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो: राज्याभिषेक शके १५९६, म्हणून १६७४. पण वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येईल आणि चुकेल. ७९ मिळवले की १६३० येतं, तेच बरोबर. सुहूर सन ही जुन्या मराठी कागदांत येणारी आणखी एक कालगणना; त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून मे अखेरपर्यंत ६०० मिळवायचे. राज्याभिषेक शक लिहिलेला असेल तर १६७३ मिळवा.

काही पुस्तकांत शिवजन्म १९ फेब्रुवारीला आणि काहींत १ मार्चला दिसतो. दिवस एकच आहे, फरक जुन्या आणि नव्या इंग्रजी दिनदर्शिकेतल्या दहा दिवसांचा. शके १५४९ मधली वैशाखातली तिथी पूर्वी बरीच प्रचलित होती, तो मात्र वेगळाच पक्ष. आता सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते. रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळाही दोनदा होतो, ६ जूनला तारखेनं आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीनं.

तारखा लावताना ‘राज्याभिषेक’ आणि ‘मंचकारोहण’ हे शब्द एक समजू नका. राज्याभिषेक हा मंत्र, जल आणि छत्र यांचा पूर्ण संस्कार. मंचकारोहण म्हणजे मंचकावर बसून अधिकार घेणं. संभाजी महाराज पकडले गेल्यावर फेब्रुवारी १६८९ मध्ये राजाराम महाराजांचं रायगडावर मंचकारोहण झालं. लहानगा शाहू हाच खरा वारस, आपण त्याच्या वतीनं सांभाळतो आहोत, ही भावना त्यामागे होती. शब्द अचूक वापरला की ती भावनाही जपली जाते.

सातवी पायरी: जाऊन बघा

वह्या भरल्या की एकदा दसऱ्याला कोल्हापूरला जा. नवरात्रात पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला टेकडीवर जाते, तिथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात अंबाबाई आणि भवानीच्या पालख्या येतात. छत्रपती घराण्यातली मंडळी येतात, महाराज जुन्या मेबॅक गाडीतून. मावळतीला शमीपूजन होतं आणि मग लोक सोनं लुटतात. राज्य नसतानाही गादी असते म्हणजे काय, हे वाचून कळत नाही, त्या गर्दीत उभं राहिल्यावर कळतं. साताऱ्यात त्याच दिवशी जलमंदिरातल्या भवानी तलवारीची पूजा होऊन ती सीमोल्लंघनासाठी मिरवत नेतात. कुलस्वामिनी तुळजाभवानी आणि शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव ही भोसल्यांची दैवतं. तिथेही या घराण्याच्या खुणा दिसतील.

मला स्वतःला समाध्यांच्या वाटेनं वंशावळ वाचायला आवडते. शहाजीराजे कर्नाटकात होदिगेरेला, शिकार करताना घोड्यावरून पडले तिथे. जिजाऊ रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला. शिवाजी महाराज रायगडावर. राजाराम महाराज सिंहगडावर. आणि कोल्हापूरचे ते पाटणकरांकडून आलेले राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्सला. युरोपच्या प्रवासाहून परतताना नोव्हेंबर १८७० मध्ये ते तिथे वारले. दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, आणि त्या बागेत आजही त्यांची छत्री उभी आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला नाव आहे ते यांचं, राजर्षींच्या मुलाचं नव्हे. गावातल्या माणसालाही हे विचारून पाहा, बरेच जण थबकतात.

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. तिथे थोरल्या शाहूंची समाधी आहे, त्यांच्या लाडक्या कुत्र्याचंही स्मारक आहे, आणि आयुष्यभर ज्यांनी शाहूंशी गादीसाठी भांडण केलं त्या ताराबाईंची समाधीही तिथेच आहे. वहीत वारणेच्या रेघेच्या वर आणि खाली लिहिलेली ही दोन नावं इथे एकाच काठावर आहेत. पावसाळ्यात पाणी चढतं आणि काही समाध्या बुडतात, म्हणून जायचं तर दिवाळीनंतर जा.

सरावासाठी

आता एक वाक्य घेऊन पायऱ्या चढून बघा: ‘शिवाजी महाराजांना जिजाबाईंनी दत्तक घेतलं.’ पहिल्यांदा वाचताना हे चुकीचंच वाटेल. गादी विचारा: कोल्हापूर. साल विचारा: १७६२. जिजाबाई कोणत्या: संभाजी महाराजांच्या राणी, विधवा, म्हणजे कागदात ‘गं. भा.’. जन्माचं घर: खानवटकर भोसले. कारकीर्द: १८१३ पर्यंत. आता नाव लिहा आणि कंसात वर्षं. पुढचं वाक्य तुम्ही सोडवा: ‘राजाराम महाराज वारले तेव्हा गादीला वारस नव्हता.’ इथे एकाहून अधिक राजाराम बसतील. कोणते बसत नाहीत ते आधी शोधा.